ढळण्याची दिशा

मे महिन्यात भिलईचा पारा चढला की पोलाद कारखान्यातला 130 मीटरचा रूळ अंशामागे साधारण दीड मिलिमीटर वाढतो. रुळाचं हे वाढणं निदान टेप लावून दाखवता येतं. माझ्या टेबलावरच्या डायोड लेसरचं दुखणं त्याहून नाजूक. त्याची वारंवारता सुमारे 384 टेराहर्ट्झ, आणि डायोड एका अंशाने तापला की ती 30 गिगाहर्ट्झच्या आसपास सरकते. रुबिडियमच्या ज्या शोषण-रेषेला त्याला बांधायचं, तिची नैसर्गिक रुंदी अवघी 6 मेगाहर्ट्झ. अंशाचा हजारावा भाग इकडेतिकडे झाला तरी रेष निसटते. एसीचा तर उलट त्रासच. कॉम्प्रेसर धडधडला की ऑसिलोस्कोपवर आधी कळतं.

त्यात काचेच्या कुपीतले रुबिडियमचे अणू सैरावैरा धावतात, त्यामुळे रेष शेकडो मेगाहर्ट्झ फुगते. यावरची युक्ती मला अजूनही सुंदर वाटते. एकाच लेसरचे दोन किरण समोरासमोरून सोडायचे, एक जोरकस, एक क्षीण. किरणांच्या दिशेने जे अणू पुढेमागे सरकत नाहीत, त्यांनाच दोन्ही एकदम भेटतात. जोरकस किरण त्यांना गुंतवून ठेवतो, क्षीण किरण निसटून जातो, आणि रुंद खळग्यात बारीक सुळका उगवतो.

नवे विद्यार्थी म्हणतात, सुळक्याच्या टोकावर लेसर बसवला की झालं. पण टोकावरून डावीकडे घसरा की उजवीकडे, सिग्नल सारखाच उतरतो. सर्किटला कोणीकडे ओढायचं ते उमगत नाही. म्हणून वारंवारता मुद्दाम किंचित हलवत राहायची. सिग्नल त्या हालचालीबरोबर डोलतो की उलटा, यावरून ढळण्याची बाजू कळते; हाच एरर सिग्नल. मग सर्किटचा गेन, म्हणजे ओढण्याचा जोर, वाढवत न्यायचा. लेसर थरथरू लागला की थोडा मागे घ्यायचा. किती मागे, हे पुस्तकापेक्षा बोटांना जास्त ठाऊक असतं.

एरर सिग्नल सपाट झाला की टाळ्या वाजतात. मी वाजवत नाही. सर्किटने तो शून्यावर आणायचाच असतो; सर्किटच चुकत असेल तरी तो शून्यच दिसेल. म्हणून दुसरा लेसर 60 मेगाहर्ट्झ पलीकडच्या शेजारच्या सुळक्यावर बांधतो आणि दोघांचा प्रकाश एका फोटोडायोडवर पाडतो. टेराहर्ट्झ थेट मोजायला फ्रीक्वेन्सी कोम लागतो, ज्यासाठी हॉल आणि हेन्श यांना 2005 चं नोबेल मिळालं. पण 60 मेगाहर्ट्झचा फरक साधा काउंटर मोजतो. मात्र दोघे मिळून एकाच बाजूला ढळले तर काउंटरला पत्ता लागत नाही. दुसऱ्या लेसरची कुपी म्हणूनच वेगळ्या डब्यात, वेगळ्या तापमानाला ठेवली आहे.