सेक्टर १७ : दिवसा गजबज, रात्री शुकशुकाट

शिमला-मनालीला निघालेले मराठी प्रवासी चंदीगडला हमखास एखादा मुक्काम करतात. सुखना तलाव, रॉक गार्डन, गुलाबबाग पाहून झाली की संध्याकाळी पावलं सेक्टर १७ कडे वळतात. मोटारींना मज्जाव असलेला ऐसपैस फरसबंद चौक, भोवती एकसारख्या चार मजली काँक्रीटच्या इमारती, खाली व्हरांड्यांत दुकानं, वर बँका नि कचेऱ्या. मुलं मोकळी सोडून निवांत हिंडावं अशी ही जागा.

पण रात्री दुकानं बंद झाली की चौक ओस पडतो. कारण ल कॉर्बुझिए यांनी या शहराची आखणी करताना सेक्टर १७ बाजारपेठ आणि कचेऱ्यांसाठी राखून ठेवला. इथे काम करायचं, राहायचं दुसरीकडे. पण दुसरीकडे म्हणजे कुठे? हाच आज इथल्या नोकरदारांना पडणारा प्रश्न आहे.

नोकरीबरोबर घर

सुरुवातीला उत्तर सोपं होतं. शिपायापासून मंत्र्यापर्यंत प्रत्येकासाठी पगाराप्रमाणे सरकारी घरांचे प्रकार ठरवले होते. सेक्टर १७ चा रस्ता ओलांडला की सेक्टर २२. ही अगदी आधी उभ्या राहिलेल्या वसाहतींपैकी एक. साधारण ८०० बाय १२०० मीटरच्या प्रत्येक निवासी सेक्टरात शाळा, दुकानं, बाग चालत जाण्याच्या अंतरावर. पण सरकारी घर निवृत्तीनंतर सोडावं लागतं, आणि खासगी नोकरीवाल्याला ते मिळतच नाही.

शहर आखलं गेलं पाच लाख माणसांसाठी. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या साडेदहा लाखांवर गेली. जुने सेक्टर ठेंगणेच राहिले. जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पहिल्या टप्प्यातल्या सेक्टरांतली घरं मजल्यामजल्याने फ्लॅट म्हणून वाटण्यालाही मनाई केली. शहराचं मूळ रूप टिकावं हा त्यामागचा हेतू. पण जवळचं घर मध्यमवर्गीयाच्या हाताबाहेरच राहिलं.

वेशीबाहेरचा संसार

शहराभोवती हिरवा पट्टा राहावा म्हणून १९५२ मध्ये खास कायदा झाला होता. १९६६ मध्ये पंजाब-हरियाणाची वाटणी झाली आणि तो पट्टाही विभागला गेला. मग एका अंगाला हरियाणाचं पंचकुला, दुसऱ्या अंगाला पंजाबचं मोहाली उभं राहिलं. त्यापलीकडे झिरकपूर आणि खरड इथे उंच इमारती झाल्या. चंदीगडच्या मानाने घरं स्वस्त, म्हणून तरुण जोडपी तिकडे जातात.

आपल्याकडे बदलापूर-विरारला घर घेणाऱ्यांची हीच कथा. फरक इतकाच, की मुंबईकराला लोकल आहे. झिरकपूर किंवा खरडहून सेक्टर १७ ला यायचं तर सगळी भिस्त रस्त्यावर. अंतर बारा-पंधरा किलोमीटरच, पण कचेरीच्या वेळी वाहनांची रांग लागली की घड्याळाकडे बघवत नाही.

हिशेब कसा मांडाल?

बदलीच्या गावी घर शोधताना केवळ भाडं किंवा हप्ता पाहू नका. येण्याजाण्यात रोज दीड तास जादा जातो असं धरा. महिन्याच्या पंचवीस दिवसांत झाले साडेसदतीस तास! पेट्रोल, दुसरं वाहन, मुलांना सांभाळणाऱ्या बाईचे पैसे त्यात मिळवा. मग बचत किती उरते ते बघा.

पैसे भरण्यापूर्वी एकदा कामाच्या दिवशी, सकाळी नऊच्या सुमारास तो रस्ता स्वतः तुडवा. पाणी, सांडपाणी आणि इमारतीची रेरा नोंदणीही तपासा. आणि घराइतकीच शाळा कुठे आहे ते पाहा. बाबांची कचेरी एका टोकाला, आईची दुसऱ्या, शाळा तिसऱ्या, असं झालं तर स्वस्त घर महागात पडतं.

मोहालीत कचेरी असेल तर खरडचं घर सोयीचं. नोकरी सेक्टर १७ मध्ये, दोघंही कमावते आणि मूल लहान असेल, तर काही वर्षं जवळच्या सेक्टरात दोन खोल्या भाड्याने घेणं शहाणपणाचं. मालकीचं घर पुढेही घेता येईल. पण मूल झोपण्याआधी आईबाबा घरी पोहोचण्याची वर्षं मोजकीच असतात.