काळ्या रंगाचा हात

खैरापाड्यातल्या गॅरेजच्या खड्ड्यात उतरून मिस्त्रीने स्क्रू ड्रायव्हर चासीला टेकवला आणि तळहाताने जरा दाबला. तो आत गेला. अगदी मुठीपर्यंत नाही, पण बोटभर तरी गेला. मिस्त्रीने मला खाली बोलावलं, टॉर्च माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "भाई, हे लोखंड नाही राहिलं. पापड आहे पापड."

गाडी म्हणजे बोलेरो. २०१५ चं मॉडेल, एमएच-४८ पासिंग. ती मी २०२१ मध्ये सेकंडहँड घेतली, चार लाख वीस हजारांना. अम्मीला महिन्यातून एकदा तपासणीसाठी मुंबईला न्यावं लागायचं. डहाणू-विरार लोकल २०१३ मध्ये सुरू झाली तेव्हा आम्ही बोईसरकरांनी आनंद केला होता, पण त्या गर्दीत गुडघे दुखणाऱ्या बाईला चढवायचं म्हणजे काय हे ज्यानं चढवलंय त्यालाच ठाऊक. चिल्हार फाट्यापर्यंतच्या रस्त्यावर पावसाळ्यात लहान गाडीचं पोट खड्ड्यांना घासतं. म्हणून बोलेरो. उंच, दणकट, कुठल्याही नाक्यावर दुरुस्त होणारी.

विकत घेताना गाडी खालून बघितली होती. अगदीच अडाणी नाही मी. पण खालून ती इतकी काळी, इतकी चकचकीत होती की मला आनंदच झाला. नुकतंच रबर कोटिंग केलेलं, डांबरासारखा वास अजून येत होता. विकणारा म्हणाला, "सहा हजार खर्च केलेत शेठ, गंजाची चिंता नाही." मी अब्बांकडे मान वळवून हसलो. अब्बा हसले नाहीत. एमआयडीसीत तीस वर्षं मेंटेनन्स फिटर म्हणून काढलेला माणूस. ते एवढंच म्हणाले, "सहा वर्षं जुन्या गाडीला विकायच्या आठवड्यात कोट कोण मारतं?"

मी ऐकलं नाही. पुढे दीड वर्षाने, मागच्या पाट्यांमधून कटकट आवाज येतोय म्हणून खड्ड्यावर घेतली, तेव्हा तो स्क्रू ड्रायव्हर आत गेला.

नंतर चौकशी केली तर कळलं की आधीचा मालक या गाडीतून मासळीचे क्रेट वाहायचा. बर्फाचं आणि माशांचं पाणी रोज मागच्या फ्लोअरवर, तिथून खाली चासीवर. शिवाय गाडी थेट पुळणीत उतरायची. चिंचणीला किंवा केळव्याला रविवारी गेलात तर दिसेल, लोक हौसेनं गाड्या ओल्या वाळूत घालतात, लाटेच्या पाण्यातून फवारे उडवतात, मोबाइलवर रील काढतात. घरी जाऊन वरून गाडी पुसतात. खालून कोण धुतो?

माझा भाचा कॅनडात, टोरंटोजवळ मिसिसागाला असतो. त्याला व्हिडिओ कॉलवर हा किस्सा सांगितला तर तो म्हणाला, "मामू, इथे गाडी घेताना आधी वाकून खालीच बघतात. वरचं नंतर." तिकडे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. मिठाचं पाणी शून्य अंशावर गोठत नाही, आणखी खाली उतरावं लागतं, म्हणून बर्फ सुटतो आणि रस्ता मोकळा होतो. पण तेच मीठ चिखलासारखं होऊन गाडीच्या पोटाला चिकटतं. त्यानेही जुनी एसयूव्हीच घेतली आहे आणि दर ऑक्टोबरमध्ये बर्फ पडायच्या आत तो ती खालून तेलाने फवारून घेतो. घट्ट थर बसणारं तेल नव्हे, पातळ, सांध्यासांध्यात सरकत जाणारं. दरवाज्याच्या आतल्या पोकळीत, पायदानाच्या नळीत, सगळीकडे. दोन दिवस गाडीखाली तेल ठिबकतं, शेजारी कुरकुरतात, आणि पुढच्या वर्षी परत तेच.

मी विचारलं, आमच्यासारखं काळं रबर का नाही मारत? तो म्हणाला, ते मारणारेही आहेत, पण जाणकार त्याला भितात. नव्याकोऱ्या, कोरड्या लोखंडावर मारलं तर ठीक. पण गंज किंवा ओल आधीच असेल तर ती त्या थराआड कोंडली जाते. कडेला एक बारीक चीर पडली की पाणी आत शिरतं आणि बाहेर यायला वाट नसते. वरून गाडी काळीभोर, आतून लोखंड सडतंय.

हे ऐकताना माझ्या डोळ्यांसमोर माझीच गाडी होती.

त्याने आणखी एक गोष्ट सांगितली, ती मला फार आवडली. कडाक्याच्या थंडीत गंज उलट हळू चढतो. खारट बर्फ लागलेली गाडी रोज रात्री गरम गॅरेजमध्ये ठेवणाऱ्याची गाडी लवकर गंजते, कारण तिथे बर्फ वितळतो आणि मिठाचं पाणी रात्रभर कामाला लागतं. म्हणजे लाडाकोडात ठेवलेली गाडी आधी जाते.

मग मी आपल्या इकडचा विचार करू लागलो. तिकडे वर्षातले चार-पाच महिने मीठ, आणि तेही थंडीत. इकडे समुद्रावरून वारा बारा महिने मीठ आणतो आणि हवा कायम उबदार. मिठाचा गुण असा की हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की ते हवेतलंच पाणी ओढून स्वतःच ओलं होतं. आपल्या किनाऱ्यावर रात्री आर्द्रता तेवढी होणं ही काही मोठी गोष्ट नाही. म्हणजे पाऊस नसला, गाडी धुतली नसली, तरी मीठ बसलेल्या पत्र्यावर पहाटेपर्यंत खाऱ्या पाण्याचा पातळ पापुद्रा असतोच. थंड देशात हिवाळा संपतो. आपला हा हिवाळा संपतच नाही.

त्यात बोईसरला समुद्र थोडा लांब, तर कारखाने जवळ. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ मध्ये औद्योगिक पट्ट्यांच्या प्रदूषणाचा निर्देशांक काढला, त्यात तारापूर देशात सगळ्यात वर होतं. ९३.६९ गुण. शाळेत एवढे गुण मिळाले असते तर पेढे वाटले असते. टाकी नाक्याच्या बाजूला रात्री गाडी उभी केली की सकाळी काचेवर जे काही बसलेलं असतं ते नुसती धूळ नसते. हवेतला आम्लाचा अंश दवात विरघळला की लोखंडाला तो मिठाइतकाच वैरी.

आणि गंमत बघा, याच तारापूर एमआयडीसीत जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा बनतो. जेएसडब्ल्यूचा कारखाना आहे. गंज न चढणारं स्टेनलेस स्टील बनवणारी विराज प्रोफाइल्सही इथलीच. जगाला न गंजणारं लोखंड पुरवणाऱ्या गावात आमच्या गाड्या, खिडक्यांचे गज, गच्चीवरच्या टाकीचे स्टँड झडून पडतात. अब्बा जस्ताचं काम फार छान समजावतात. ते म्हणतात, जस्त लोखंडाच्या आधी स्वतः झिजतं. पत्र्यावर ओरखडा पडला, लोखंड उघडं पडलं, तरी शेजारचं जस्त आहे तोवर लोखंड वाचतं. रंगाचं तसं नाही. रंगाला चीर गेली की तो लोखंडासाठी काही करत नाही, उलट गंज लपवायला मदत करतो. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, म्हणून रंग फुगतो, त्याला फोड येतात. फोड दिसला म्हणजे समजायचं, आतलं काम बरंच पुढे गेलंय.

दुरुस्तीला अडतीस हजार लागले. मागच्या पाट्यांच्या हँगरजवळ चासीचा वीतभर भाग दोन्ही बाजूंनी कापून, पट्टी लावून वेल्डिंग करावं लागलं. आठ दिवस गाडी गॅरेजमध्ये. त्या महिन्यात अम्मीला भाड्याच्या गाडीने नेलं, त्याचे वेगळे. पण खरं काम त्यानंतर सुरू झालं. अब्बांनी सांगितलं, तो सगळा काळा थर काढायचा. सगळा. मिस्त्रीने तोंड वाकडं केलं, पोराला वायर ब्रश आणि खरवडणी दिली. तीन दिवस तो पोरगा आणि शेवटच्या दिवशी अब्बा स्वतः, सत्तरीचा माणूस, डोक्याला रुमाल बांधून खड्ड्यात. मी वरून "अब्बा, बस करा" म्हणत होतो आणि ते खालून "पाना दे, बोलू नकोस" म्हणत होते.

आता आमची पद्धत सांगतो, कुणाला उपयोग झाला तर. पाऊस ओसरला, ऑक्टोबरचं ऊन तापायला लागलं की गाडी रॅम्पवर घ्यायची आणि खालून गोड्या पाण्याच्या जोराने धुवायची. नुसतं मधे नाही, चाकांच्या वरच्या कमानी, बंपरच्या मागे, जिथे चिखल साठतो तिथे. दरवाज्यांच्या खालच्या कडेला पाणी निघायची बारीक भोकं असतात, ती बहुतेक गाड्यांत मातीने बुजलेली असतात. काडीने मोकळी करायची. हे काम फुकट आहे आणि बाकी सगळ्या कामांपेक्षा महत्त्वाचं. आतल्या मॅट काढून फ्लोअर उन्हात सुकवायचा, मॅटखाली जून महिन्यात साठलेलं पाणी ऑक्टोबरपर्यंत असतं. मग दोन दिवस गाडी उन्हात. जिथे गंज दिसेल तिथे उघड्या लोखंडापर्यंत घासून, जस्त असलेला प्रायमर आणि वर रंग. आणि मेमध्ये, पावसाच्या आधी, पोकळ भागांत नळीने मेणाचा स्प्रे. जुनं जळकं इंजिन ऑइल मारणारे आपल्याकडे पुष्कळ. अब्बाही पूर्वी मारायचे. त्याने रबरी बुश फुगतात, जमिनीत घाण जाते, आणि पहिल्या मोठ्या पावसात अर्धं धुऊन निघतं. ते आम्ही सोडलं.

भाचा ऑक्टोबरमध्ये फवारतो, हिवाळ्याच्या तोंडावर. आमचा हिवाळा म्हणजे जून.

अशी दोन वर्षं गेली. गाडी ठणठणीत. पण अम्मीला तिची पायरी चढवेना. ज्या उंचीसाठी गाडी घेतली, तीच उंची आडवी आली. आधी प्लास्टिकचं स्टूल ठेवलं, मग स्टुलावरून उतरताना एकदा तोल गेला, तेव्हा ठरवलं की ही विकायची आणि बसकी गाडी घ्यायची.

आता जे सांगतो ते सांगायला मला बरं वाटत नाही. गाडीच्या खाली बघितलं तर चासीवर वेल्डिंगच्या पट्ट्या स्पष्ट दिसत होत्या. गॅरेजमधल्या एकाने सांगितलं, "भाई, काळ्याचा एक हात मारून घ्या. पट्टी दिसणार नाही. चाळीस हजार तरी जास्त येतील." मी अब्बांना न सांगता कोटिंगवाल्याला फोन केला. भाव विचारला. सहा हजारांचे आता साडेसात झाले होते. शनिवारची वेळही घेतली. मनाशी हिशेब मांडला की पट्टी भक्कम आहे, गाडी चांगली आहे, मग खोटं काय आहे यात? कोट मारणं म्हणजे रक्षणच ना?

लहानपणी मदरशात ऐकलेली एक गोष्ट आहे, आपल्यापैकी बहुतेकांनी ऐकली असेल. बाजारात धान्याची रास, वर कोरडी. पैगंबरांनी राशीत हात घातला तर बोटांना ओल लागली. व्यापाऱ्याने पावसाचं कारण सांगितलं. तर मग ओलं वर का नाही ठेवलं लोकांना दिसेल असं, एवढंच त्यांनी विचारलं. ही गोष्ट मी स्वतः पोरांना सांगितली आहे. शुक्रवारी रात्री ती आठवली असं लिहिलं तर छान दिसेल, पण तसं झालं नाही. शनिवारच्या आधी शुक्रवारीच गिऱ्हाईक आलं, म्हणून कोट राहिला.

वाड्याकडचा तरुण होता, भाजीचा धंदा करणारा, सोबत त्याचा मेहुणा. मी बोनेट उघडून इंजिन दाखवत होतो. तेवढ्यात अब्बा घरातून चटई घेऊन आले. गाडीच्या मागे चटई अंथरली आणि त्या पोराला म्हणाले, "ये, झोप इथे." तो गोंधळला. अब्बांनी त्याच्या हातात टॉर्च आणि स्क्रू ड्रायव्हर दिला. "ही पट्टी, ही दुसरी. इथे लोखंड गेलं होतं. टोचून बघ. जोर लाव." तो पोरगा दहा मिनिटं टोचत होता. दर टोचण्याला माझा जीव खालीवर होत होता, जणू आताच कुठेतरी आत जाणार.

गेला नाही कुठेच. पण त्याने उठून हात झटकले आणि तीस हजार कमी केले. म्हणाला, "बाबांनी दाखवलं म्हणून घेतो, पण चासी कापलेली गाडी आहे, पुढे मलाही विकताना सांगावं लागेल." अब्बांनी मान डोलावली, "हो, सांगावंच लागेल."

माझा चेहरा उतरलेला. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करताना मी एक शब्द बोललो नाही. कोटिंगवाल्याला फोन करून शनिवार रद्द केला, तो अब्बांच्या समोरच करावा लागला, कारण त्याचाच फोन आला होता. अब्बांनी काही विचारलं नाही. ते आत गेले, मेणाच्या स्प्रेचा उरलेला डबा आणि ती लांब नळी घेऊन आले आणि त्या पोराला पायदानाखालचं भोक दाखवू लागले, नळी किती आत घालायची, कुठे थांबायचं. "मेमध्ये," ते सांगत होते, "पाऊस लागायच्या आत. आणि आधी धू. ओल्यावर मारू नकोस."