हैदराबादला टेनिस होतं तेव्हा

देगलूरकराला पुण्याआधी हैदराबाद कळतं. 1956पर्यंत आम्ही मराठवाड्यातले लोक हैदराबाद राज्यातच होतो. पुढे राजधानी मुंबई झाली, पण मोठा दवाखाना असो की लग्नाचा बस्ता, गाडी तिकडेच वळायची. म्हणून 2003 साली हैदराबाद ओपन ही महिलांची डब्ल्यूटीए स्पर्धा सुरू झाली, ती आम्हाला घरचीच वाटली. एरवी टेनिसशी आमचा संबंध चेंडूपुरता, आणि तोही क्रिकेट खेळायला!

पहिल्या वर्षी थायलंडची तमारिन तनसुगर्न जिंकली, पुढच्या वर्षी ऑस्ट्रेलियाची निकोल प्रॅट. या विजेत्यांचा गावात कुणाला पत्ताही नव्हता. मग 2005चा फेब्रुवारी आला. महिनाभर आधी मेलबर्नला ऑस्ट्रेलियन ओपनच्या तिसऱ्या फेरीत सेरेना विल्यम्सकडून हरलेली 18 वर्षांची सानिया मिर्झा हैदराबादच्या अंतिम सामन्यात युक्रेनच्या अल्योना बोंडारेंकोला तीन सेटमध्ये भारी पडली. डब्ल्यूटीएचं एकेरीचं विजेतेपद मिळवणारी पहिली भारतीय, तेही स्वतःच्या शहरात! ज्यांना ड्यूस म्हणजे काय हे सांगता येत नव्हतं, तेही पानटपरीवर तिच्या फोरहँडबद्दल बोलू लागले. काहींची गाडी नथीपाशीच अडायची, ते सोडा.

गंमत अशी की एवढं झाल्यावर स्पर्धाच हैदराबादहून उठली. 2006ला ती बेंगळुरूला गेली. 2008ला तिथे खुद्द सेरेना जिंकली, तरी तिथेही ती टिकली नाही. अशा स्पर्धा शहराच्या नसतातच. परवाना एकाचा, कोर्ट दुसऱ्याचं, पैसा प्रायोजकाचा. करार संपला की बिऱ्हाड हललं.

हे पुन्हा पाहायला मिळालं ते पुण्यात. चेन्नईत वीसेक वर्षं रुजलेली पुरुषांची एटीपी स्पर्धा 2018ला बालेवाडीत आली. आम्ही खूश, चेन्नईकरांना काय वाटलं असेल, हे विचारायचं सुचलं नाही. 2019च्या अंतिम सामन्यात केविन अँडरसन आणि चाळिशीला टेकलेला इव्हो कार्लोव्हिच हे दोन ताडमाड गडी तिन्ही सेट टायब्रेकपर्यंत झुंजले. पाच वेळा खेळून 2023नंतर पुण्याचंही नाव पुसलं गेलं.

आता देगलुरात बसून मोबाइलवर जगातली कुठलीही मॅच दिसते. तेव्हा दुसऱ्या दिवशीच्या पेपरची वाट पाहावी लागे, पण मॅच एका एसटीच्या अंतरावर असायची. आणि आता? पुण्यात 2019 आणि 2022ला दुहेरी जिंकलेला भारताचा रोहन बोपण्णा जानेवारी 2024मध्ये, 43व्या वर्षी, दुहेरीत जगात पहिला झाला. त्याच महिन्यात पुण्याची ती स्पर्धा हाँगकाँगला खेळली गेली.