लक्षद्वीपची बोट : मुलांना घेऊन जाताना

हल्ली सुट्टीचा बेत निघाला की महाबळेश्वर-माथेरान मागे पडतं नि घरातलं कुणीतरी लक्षद्वीपचं नाव काढतं. निळंहिरवं पाणी, पिठासारखी पांढरी वाळू, काठावर वाकलेले माड, असे फोटो सगळ्यांनीच पाहिलेले असतात. मुलं नाचू लागतात, यजमान कागद-पेन्सिल घेऊन हिशेबाला बसतात, आणि आपल्या मनात मात्र वेगळेच प्रश्न असतात. धाकट्याला बोट लागली तर? पाच दिवस समुद्रावर मुलांना सांभाळायचं कसं? आणि एवढा खर्च करून तिथेही मीच ओले कपडे पिळत बसणार का?

प्रश्न रास्त आहेत, पण त्यांची उत्तरं जाहिरातीच्या रंगीत कागदावर सापडत नाहीत. तिथे जहाजावरचा पोहण्याचा तलाव आणि जेवणातले पदार्थ तेवढे असतात. आम्ही दोघं, दोन मुलं नि सासूबाई अशा पाच जणांनी कोचीहून हा प्रवास केला. त्यावरून माझं एक मत झालं आहे : जहाज निवडावं ते घरातल्या सगळ्यात लहान मुलाकडे बघून. त्याला झेपेल ते बाकीच्यांना झेपतंच. आणि ते सुखात असेल तरच त्याच्या आईला सुट्टी मिळते.

आधी थोडा भूगोल

केरळच्या किनाऱ्यापासून पश्चिमेला, 220 ते 440 किलोमीटरवर ही बेटं पसरली आहेत. एकूण 36 बेटं, त्यांतल्या दहांवर वस्ती. सगळी मिळून जमीन जेमतेम 32 चौरस किलोमीटर. 2011 च्या जनगणनेत सगळ्या बेटांची लोकसंख्या 64,473 होती, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढी. प्रवाळाने बांधलेली ही बेटं समुद्रसपाटीपासून फारच थोडी वर आहेत. बेटाच्या एका बाजूला प्रवाळाची भिंत असते नि तिच्या आत उथळ, शांत पाणी. मुलांना खेळायला ही जागा सोन्यासारखी. पण भिंतीबाहेर खरा खोल समुद्र आहे, हे विसरायचं नाही.

या बेटांवर कुणालाही उठून जाता येत नाही. 1967 च्या नियमांप्रमाणे बाहेरच्या माणसाला परवाना लागतो, तो लहान मुलांसकट सगळ्यांचा काढावा लागतो. म्हणून तिकिटांच्या आधी कागदपत्रं बघा. मुलांचे वयाचे दाखले, फोटो, ओळखपत्रं एका पाकिटात घालून ते पाकीट घरातल्या सगळ्यात व्यवस्थित माणसाकडे द्या. ते माणूस कोण, हे सांगायला नकोच!

तीन वाटा

मुंबई-पुण्याच्या कुटुंबाला तिकडे जायच्या मुख्य वाटा तीन.

पहिली, मुंबईहूनच निघणारं खाजगी सहलीचं जहाज. 2021 च्या सप्टेंबरपासून ‘कॉर्डेलिया’ची अशी सफर मुंबईहून सुरू झाली. फायदा उघड आहे. आगगाडीची दगदग नाही, शाकाहारी जेवणाची सोय, तलाव, मुलांच्या खेळाची खोली. पण अशा सफरीत जहाजावरचा वेळ जास्त नि बेटावरचा थोडा. हवा बिघडली तर बेटावर उतरणं रद्दही होतं. ज्यांना मुळात जहाजाचीच मौज हवी, त्यांनी हे खुशाल घ्यावं. बेटं बघायची असतील तर मात्र एकच प्रश्न विचारा : ‘बेटाच्या जमिनीवर आमचे पाय किती तास लागणार?’ उत्तर तासांत घ्या, दिवसांत नको. आणि भाड्याबाहेर कशाकशाचे पैसे पडतील तेही लिहून घ्या. सरबताचा एकेक पेला मोजायची पाळी आली की सहलीची गोडी जाते.

दुसरी वाट कोचीहून जाणाऱ्या सरकारी जहाजाची. लक्षद्वीप प्रशासनाच्या ‘स्पोर्ट्स’ या पर्यटन संस्थेने ‘समुद्रम्’ नावाची पाच दिवसांची सफर बांधली, ती ‘एम. व्ही. कवरत्ती’ या सातशे प्रवाशांच्या जहाजावरून. रात्री जहाजावर झोपायचं नि दिवसा एकेक बेट बघायचं : कवरत्ती, कल्पेनी, मिनिकॉय. सामान एकदाच लावायचं, रोज खोली बदलायची नाही. मुलांच्या आईला याहून मोठं सुख नाही! जहाजांचे कार्यक्रम बदलत असतात, तेव्हा चालू मोसमात काय मिळतंय ते आधी विचारून मगच रजेचा अर्ज करावा.

तिसरी वाट विमानाची. अगत्ती बेटावर 1988 पासून विमानतळ आहे. कोचीहून विमानाने जायचं नि एकाच बेटावर मुक्काम करायचा. बेटं कमी दिसतात, खर्चही चढतो, पण मूल तीन वर्षांच्या आतलं असेल तर माझं मत याच वाटेला. त्याची दुपारची झोप, त्याचा मऊ भात सांभाळता येतो.

पुष्कळजणी अंदमानचंही विचारतात. चेन्नईहून तिथे जायला जहाजाला तीन दिवसांच्या आसपास लागतात, तेही एकीकडचे. मुलं घेऊन ते नको. अंदमानला विमानाने जावं नि तिथल्या तिथे बेटाबेटांतल्या बोटींनी फिरावं.

कोचीचा धक्का

आमची वाट दुसरी. कोकण रेल्वेने कोचीला जायला जवळजवळ एक पूर्ण दिवस लागतो. नाशिक-कल्याण-पनवेलकरांना तर ‘मंगला लक्षद्वीप’ या नावाचीच गाडी आहे. गाडीला उशीर होतो, जहाज थांबत नाही. म्हणून कोचीत एक मुक्काम ठेवावाच. विलिंग्डन बेटावरून जहाज निघतं. हे बेटही माणसाने समुद्रातला गाळ काढून केलेलं, हे सांगितल्यावर मोठ्याला त्याचंच जास्त नवल वाटलं.

धक्क्यावर एक गोष्ट कळते. हे जहाज केवळ आपल्यासारख्या हौशी लोकांसाठी नाही. बेटावरच्या माणसांची ती एस. टी. आहे. कोचीच्या दवाखान्यातून परतणाऱ्या बाया, कॉलेजची मुलं, नव्या पंख्याचं खोकं सांभाळणारे म्हातारबुवा, सगळे याच शिडीने चढतात. माझ्या शेजारी बसलेली बाई महिन्याभराचं बाळ घेऊन घरी चालली होती. आपण तीनशे-चारशे किलोमीटर मजा म्हणून जातो, तिला दुखण्या-बाळंतपणासाठीही तेवढंच यावं लागतं. तेव्हा जागेवरून कुरकुर करायची नाही, हे मुलांना वेगळं सांगावं लागलं नाही.

बेटांवर दवाखाने आहेत, कवरत्तीला इस्पितळही आहे. पण दुखणं मोठं असलं की रोग्याला कोचीलाच हलवावं लागतं. घरात कुणाला दम्याचा किंवा फिट्सचा त्रास असेल तर डॉक्टरांचा होकार घेतल्याशिवाय निघू नये.

बोट लागली तर

दोन ते बारा वर्षांच्या मुलांना बोट सर्वांत जास्त लागते. दोन वर्षांखालच्या तान्ह्यांना सहसा नाही. तेव्हा शाळकरी पोरं ‘आम्ही मोठे आहोत’ म्हणाली तरी गोळी त्यांनाच आधी लागणार. गोळी कुठली नि किती, हे मुलाचं वजन सांगून घरच्या डॉक्टरांना विचारा. ती जहाज हलण्याच्या आधी द्यायची असते, उलटी झाल्यावर नव्हे. खोली मागताना खालच्या मजल्यावरची, जहाजाच्या मध्यावरची मागा. तिथे हेलकावे कमी बसतात. निघण्यापूर्वी पुरी-भजी नको, साधा दहीभात द्या. कुरमुरे, खाकरे, आलेपाक नि आवळासुपारी हाताशी ठेवा. मळमळू लागलं की गोष्टीचं पुस्तक किंवा मोबाइल काढून घ्या, मुलाला मोकळ्या हवेत नेऊन दूर क्षितिजाकडे बघायला सांगा. मात्र कठड्याशी मुलाचा हात क्षणभरही सोडायचा नाही.

पडावात उतरताना

या सफरीतली सगळ्यात नाजूक वेळ कुणी जाहिरातीत छापत नाही. मोठं जहाज बहुधा प्रवाळाच्या भिंतीबाहेर उभं राहतं, नि माणसं लहान बोटीत उतरून बेटावर जातात. कोकणच्या बोटीने एके काळी गेलेल्या आज्यांना ‘पडाव’ आठवत असेल, तसंच ते. बोट खालीवर होत असते, खलाशी दोन्ही हात धरून ‘आता’ म्हणतात नि त्या क्षणी पाऊल टाकायचं. घाबरण्यासारखं नाही, पण हात मोकळे हवेत. पिशवी आधी द्या, मूल खलाशाच्या हातात द्या, मग आपण उतरा. साडीऐवजी त्या दिवशी सलवार-कमीज बरी. सासूबाईंनी नऊवारी काष्ट्यात सगळ्यांच्या आधी पाऊल टाकलं, ती गोष्ट वेगळी!

तेव्हा गुडघ्यांचा त्रास असलेली आजी किंवा कडेवरचं मूल बरोबर असेल, तर तिकिटापूर्वीच विचारा : उतरायचं धक्क्यावर की लहान बोटीतून? आणि मुलांच्या मापाची जीवरक्षक जाकिटं आहेत का? मोठ्यांचं जाकीट लहान मुलाच्या डोक्यावरून निसटतं. हवेची रबरी रिंग खेळायला ठीक, तिच्यावर विश्वासून नजर हटवायची नाही.

तीन बेटं, तीन तऱ्हा

कवरत्ती ही राजधानी. इथल्या उज्रा मशिदीच्या छतावरचं लाकडी कोरीवकाम नावाजलेलं आहे. काचेच्या तळाच्या बोटीतून प्रवाळ नि रंगीत मासे दिसतात. वाळूच्या या बेटांना नदी-ओढा नाही. 2005 साली इथे समुद्राचं पाणी गोडं करणारा कारखाना निघाला, तो खोल समुद्राच्या थंड पाण्याच्या जोरावर चालतो. हे समजल्यावर नळ उघडा टाकून दात घासायची मुलांची सवय निदान पाच दिवस तरी सुटली.

कल्पेनीचं उथळ पाणी खूप मोठं आहे. पोहायला न येणाऱ्या मुलांसाठी तीन बेटांत हेच उत्तम. पूर्वेच्या किनाऱ्यावर 1847 च्या वादळाने फेकलेल्या प्रवाळाच्या तुकड्यांचा बांध अजून दिसतो. मुलींनी शाळेत जावं ही कल्पनाच जेव्हा रुचत नव्हती, तेव्हा या बेटांत पहिल्यांदा शाळेत गेल्या त्या कल्पेनीच्या मुली, असं सांगतात.

मिनिकॉय दक्षिणेला, एकटं. इथली भाषाही वेगळी, महल नावाची, मालदीवच्या भाषेशी नातं सांगणारी. 1885 सालचा दीपस्तंभ आहे. पुरुष पिढ्यान् पिढ्या जहाजांवर नोकरीला, त्यामुळे घर नि गाव बायकांच्या हाती. गावचा पुरुष प्रमुख असतो तशी बायकांची प्रमुखही असते. नवल म्हणजे बाकीच्या बेटांवरही घराणं नि मिळकत आईकडून मुलीकडे चालत आली आहे. हे ऐकून सासूबाई यांच्याकडे बघून नुसत्या हसल्या.

वस्ती बहुतेक मुसलमान आहे, तेव्हा गावातून फिरताना कपडे अंगभर असावेत. शिंपले-प्रवाळ मुलांच्या खिशात राहू देऊ नका. प्रवाळ 2001 पासून वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहे. तो नेणं गुन्हा आहे, आणि त्या भिंतीवरच तर बेट उभं आहे.

कधी जावं, काय न्यावं

मोसम ऑक्टोबर ते मेचा मध्य. मेची सुट्टी म्हणून महिनाअखेर गाठू नका, पावसाळी समुद्र तोंडावर असतो. नोव्हेंबरअखेर ते डिसेंबरची सुरुवातही जपून. 2017 मध्ये याच दिवसांत ‘ओखी’ वादळाने मिनिकॉय-कल्पेनीला झोडपलं होतं. नाताळानंतर ते मार्चपर्यंत समुद्र शांत असतो. शाळा चार दिवस बुडाली तर बुडू द्या, किंवा एप्रिलची परीक्षा संपताच निघा.

सामान थोडंच : पूर्ण बाह्यांचे सुती सदरे, नाडीच्या टोप्या (पांढऱ्या वाळूवरून ऊन उलटं तोंडावर येतं), पाण्यात घालायला जुने कॅनव्हासचे बूट (प्रवाळाने पाय कापतात), मीठ-साखरेची पुडकी, औषधं, नि कचरा परत आणायला दोन रिकाम्या पिशव्या. बेटावर भाजीपाला जहाजानेच येतो, तेव्हा पानात टाकायचं नाही.

शेवटचं, मैत्रिणींनो, तुमच्या वाटणीचं. निघण्यापूर्वीच पाळ्या लावा. सकाळी मुलांवर नजर यजमानांची, दुपारी तुमची, कपडे पिळायचं काम मोठ्या मुलाचं. कागदावर लिहून तो खोलीच्या दारावर चिकटवा. आमच्याकडे तो कागद पाचही दिवस टिकला, आणि कल्पेनीच्या पाण्यात कंबरभर उभी राहून मी तासभर कुणालाच हाक मारली नाही.