सगळे एकाच खात्यावर

घरात दीर्घ आजार मुक्कामाला आला की प्रत्येक नवी तक्रार त्याच्याच खात्यावर नावे पडते. झोप नाही? आजारामुळे. भूक नाही? आजारामुळेच. स्वतंत्र नोंद करायला कोणाला उसंत नसते.

माझे मामा इंदूरला राहतात. तिथल्या पंचवीस फुटी शेंदरी गणेशमूर्तीवरून तो सारा भागच 'बडा गणपती' म्हणून ओळखला जातो. मूत्रपिंडे निकामी झाल्यामुळे मामा चार वर्षे डायलिसिसवर आहेत. या आजारात अंगाला खाज सुटते, हे सर्वांना ठाऊक होते. त्यामुळे त्यांच्या अंगावरचे लाल डाग आणि ओरखडे यांचे कोणाला नवल वाटले नाही. मामी रोज रात्री त्यांना खोबरेल चोळून देई.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी बेळगावहून गेलो, तेव्हा मामीच्या मनगटांवर आणि धाकट्या मामेबहिणीच्या बोटांच्या बेचक्यांतही तसेच डाग होते. मामी म्हणे, "काळजीनं होतंय." मामा मात्र खचले होते. "माझंच दुखणं तुम्हाला लागतंय," म्हणून त्यांनी अंथरूण बाहेरच्या खोलीत हलवले, तेल लावून घेणे सोडले. मूत्रपिंडाचा आजार लागत नाही, हे सांगून उपयोग होईना.

शेवटी बहिणीला त्वचारोगतज्ज्ञांकडे नेले. भिंगातून बेचकी पाहत त्यांनी विचारले, "रात को ज्यादा होती है? घर में और किस-किस को है?" निदान झाले : खरूज.

मामी संतापली. "आमचं घर काय धर्मशाळा आहे?" मराठीत खरूज, हिंदीत खुजली, आमच्याकडे कन्नडमध्ये कज्जी; तिन्ही भाषांत हा शब्द हलक्या आवाजातच उच्चारतात. त्यातून इंदूर म्हणजे २०१७ पासून स्वच्छतेत वर्षानुवर्षे देशात पहिले आलेले शहर! योगायोग असा, की त्याच २०१७ साली जागतिक आरोग्य संघटनेने खरजेला दुर्लक्षित आजारांच्या यादीत घेतले.

खरूज घाणीतून नव्हे, सहवासातून पसरते. अर्ध्या मिलिमीटरहून लहान किड्याची मादी कातडीत बोगदा खोदून अंडी घालते. पहिल्या खेपेस खाज सुटायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर कीड स्पर्शातून दुसऱ्याकडे पोचू शकते. आमच्या घरी ती बहुधा तेल चोळताना पसरली असावी, म्हणजे सेवेतूनच. कोणाकडून कोणाला, हा हिशोब डॉक्टरांनी मांडूच दिला नाही.

डायलिसिसच्या डॉक्टरांना विचारून एकाच रात्री सर्वांनी, खाज नसलेल्या मीसुद्धा, मानेपासून तळव्यांपर्यंत पर्मेथ्रिनचे मलम लावले. कपडे, चादरी गरम पाण्यात धुतल्या. आठवड्याने पुन्हा तेच.

कॉलेज सुरू झाल्यावर मामीचा फोन आला. दोघी बऱ्या झाल्या होत्या. मामांची खाज निम्मी उरली होती. ती मात्र मूत्रपिंडांची. अंथरूण पुन्हा आतल्या खोलीत आले होते.

जुन्या आजाऱ्यालाही नवा आजार होऊ शकतो. म्हणून नवा डाग दिसला, की तो जुन्या खात्यावर टाकण्याआधी 'घरात आणखी कोणाला?' एवढे तरी विचारावे.