धुऱ्यावरचा गडी

भंडाऱ्याहून पवनीकडे जाणारी एसटी पकडा. अड्याळ मागं पडलं, की पुढे कोंढा येतं. शेजारीच कोसरा. म्हणून लोक एका दमात 'कोंढा-कोसरा' म्हणतात. आजूबाजूला धानाच्या बांध्या. दिवाळीच्या सुमारास धान कापून झालं, की एखादी बांधी मोकळी सापडते. आणि मोकळी बांधी म्हणजे मैदान, हे तुम्हांला सांगायला नकोच!

पण खेळायला उतरण्याआधी जरा धुऱ्यावर उभे राहा. धुरा म्हणजे बांधीभोवतीचा मातीचा बांध. पावसाळ्यात बांधीत पाणी थांबतं ते त्याच्यामुळे. धानाचं सगळे कौतुक करतात, धुऱ्याचं कोणी करत नाही. तो फुटला, की मात्र साऱ्या गावाची नजर तिकडे! फुटबॉलमध्ये बचावपटूचं असंच असतं, बरं का. गोल करणाऱ्याला खांद्यावर घेतात. गोल अडवणाऱ्याचं नाव कुणाच्या लक्षात राहतं?

एक नाव मात्र तुम्ही लक्षात ठेवा : राहुल भेके. हा मुंबईचा, जन्म १९९० चा. कोंढ्याला सर्वांत जवळचं मोठं स्टेशन भंडारा रोड. ते आहे वरठीला. तिथून मुंबई-हावडा लोहमार्ग जातो. त्याची जी दोन टोकं, तिथंच राहुलचा खेळ वाढला. आधी मुंबई एफसी, मग कोलकात्याचा ईस्ट बंगाल. पुढे २०१७ मध्ये तो बंगळुरू संघात गेला.

१७ मार्च २०१८. इंडियन सुपर लीगचा अंतिम सामना, तोही बंगळुरूच्या घरच्या मैदानावर. चेन्नईयिन संघाच्या एका बचावपटूनं, मैल्सन आल्वेसनं, दोनदा डोक्यानं गोल मारले आणि बंगळुरू २-३ असं हरलं. घरच्या प्रेक्षकांसमोर धुरा फुटला म्हणा ना!

बरोबर एक वर्षानं, १७ मार्च २०१९ ला, पुन्हा अंतिम सामना. या वेळी मुंबईत, गोव्याविरुद्ध. नव्वद मिनिटं संपली, गोल नाही. जादा वेळही सरत आला. ११७ व्या मिनिटाला कॉर्नरचा चेंडू आला आणि राहुलनं उडी मारून तो डोक्यानं जाळ्यात घातला. १-०! त्याच्याच शहरात त्यानं आपल्या संघाला पहिल्यांदा ही लीग जिंकून दिली.

नंतर तो मुंबई सिटीत आला. एप्रिल २०२२ मध्ये रियाधला इराकच्या हवाईदलाच्या संघाशी सामना होता. १-१ बरोबरी. पुन्हा कॉर्नर, पुन्हा राहुलचं डोकं! एएफसी चॅम्पियन्स लीगमध्ये भारतीय क्लबचा तो पहिला विजय. आणि ४ मे २०२४ ला कोलकात्यात, मोहन बागानच्या हजारो पाठीराख्यांसमोर, ०-१ पिछाडीवरून मुंबई सिटीनं ३-१ असा अंतिम सामना जिंकला. कर्णधार राहुलच होता.

आता बांधीत उतरा. खरं मैदान १०५ मीटर लांब, ६८ मीटर रुंद, म्हणजे पावणेदोन एकर! एवढी बांधी कुठली मिळायला? पण गोल खऱ्या मापाचा करता येईल : रुंदी २४ फूट, उंची ८ फूट. इकडे धुऱ्यावर तूर लावतात. कोरड्या तुराट्या मिळाल्या तर खांब म्हणून रोवा. उभ्या तुरीला मात्र हात लावू नका, नाहीतर शेतकरीकाका तुमच्यामागे असे धावतील, की भले भले बचावपटू मागे पडतील!