एका थैलीतले अक्रोड

गेल्या पौषात ८२ वर्षांच्या बाबांना घेऊन आम्ही चिखलदऱ्याला गेलो. अमरावतीहून निघालो, परतवाड्याला चहा घेतला आणि घाट चढलो. सुमारे १,१०० मीटर उंचीवरचे हे गाव म्हणजे उन्हाने भाजणाऱ्या वऱ्हाडाचा गारवा. दुसऱ्या दिवशी सकाळी कोवळ्या उन्हात बसून आम्ही अकोल्याच्या बाजारातून आणलेले काश्मिरी अक्रोड फोडू लागलो. एक नुसत्या बोटांनी फुटला, दुसऱ्याला बत्ता लागला. एकाचा गर पांढुरका व गोड, तर दुसऱ्याचा काळसर व किंचित तुरट.

बाबांनी दोन्ही टरफले निरखली. "एकाच थैलीतले ना हे? मंग येवढा फरक काऊन?"

प्रश्न साधा होता, उत्तर मात्र दूरचे. काश्मीरमधील बहुतेक जुनी अक्रोडाची झाडे बियांपासून वाढलेली आहेत. अक्रोडाच्या एकाच झाडावरची नर व मादी फुले बहुधा एकाच वेळी पक्व होत नाहीत. त्यामुळे वाऱ्याने आणलेल्या दुसऱ्या झाडाच्या परागावर फळ धरते, आणि प्रत्येक बी नवे मिश्रण घेऊन जन्मते. भावंडे असूनही चेहरे वेगळे, तसेच हे.

हे वेगळेपण थंड मुलखात जीव वाचवते. वसंतात लवकर पालवलेले झाड उशिराच्या हिमकडाक्यात सापडते आणि त्याचा मोहोर जळतो. उशिरा जागे होणारे शेजारचे झाड बचावते. श्रीनगरच्या केंद्रीय समशीतोष्ण फलोत्पादन संस्थेने अशाच झाडांतून निवड करून चांगले वाण काढले आहेत. "मग आपल्याकडे का नाही?" या बाबांच्या पुढच्या प्रश्नाचे उत्तर सोपे होते. अक्रोडाला हिवाळ्यात शेकडो तासांची कडक थंडी आणि गाढ झोप लागते. चिखलदऱ्याचा गारवा कॉफीला मानवतो. अक्रोडाला तो पुरत नाही.

घाट उतरताना अचलपूर परिसरातल्या संत्र्याच्या बागा लागल्या. तेथे चित्र नेमके उलटे दिसते. जंभेरीच्या खुंटावर निवडक झाडाचा डोळा बांधून कलमे करतात. त्यामुळे फळ ठरल्यासारखे गोड येते आणि शेतकऱ्याचा संसार चालतो. परंतु सारी बाग एकाच रक्ताची असल्याने डिंक्या शिरला, तर कोणते झाड तग धरील असे सांगता येत नाही. सारखेपणाचा लाभ मोठा. त्याची जोखीमही तेवढीच.

वाटेवरच आमचे जुने शेत आहे. बाबांच्या लहानपणी तेथे कोयींपासून उगवलेली गावरान आंब्याची चौदा झाडे होती. आता तीन उरली आहेत. सकाळची गोळी घेतली की नाही, हे बाबांना हल्ली आठवत नाही. पण काठी टेकत ते आमराईत शिरले आणि नसलेल्या झाडांच्या जागाही दाखवू लागले. "इथं शेंदऱ्या, तिथं खोबऱ्या, विहिरीपाशी गोटी. अन् हा शेप्या, लोणच्याचा." शेप्याचे खोड पोकळ झाले होते. माझ्या ध्यानात आले की या झाडांची नोंद कोणत्याही वहीत नाही. ती केवळ बाबांजवळ आहे, आणि तीही दिवसेंदिवस पुसट होत आहे. मी त्याच ठिकाणी लिहून घेऊ लागलो.

कोय पेरली तर नवे झाड मिळते. तोच शेप्या हवा असेल, तर कलमच बांधावे लागते. श्रावणात आम्ही त्याच्या फांद्यांची पाच कलमे बांधली. दोन जगली.

घरातील ज्येष्ठांना घेऊन अशी एखादी सहल अवश्य करावी. त्यांना औषधांविषयी आपण रोज विचारतो. एखाद्या दिवशी झाडांविषयी विचारावे, आणि सांगतील ते लिहून घ्यावे. सोबत अक्रोड न्यावेत. दात अधू असल्यास ते रात्री भिजवून बारीक वाटून द्यावेत, म्हणजे घशात अडकण्याची भीती राहत नाही. हृदयास हितकर मानला जाणारा ओमेगा-३ स्निग्धांश त्यांत असतो. मात्र उष्मांक पुष्कळ असल्याने दोन-तीन पुरेत. ॲलर्जी असणाऱ्यांनी ते टाळावेत.

बाबा आता रोज सकाळी त्या दोन रोपांना पाणी घालतात. गोळीची आठवण मी तेव्हाच करून देतो.